पाठमोरी चाल

आज कोपऱ्यातला कूलर ओढून खिडकीशी आणला. वर्षभर त्याच्यावर गोधड्यांचं बोचकं होतं, ते उतरवलं. जाळीतली जुनी खस हात लावताच भुगा होऊन पडली. नवी भरली, टाकीत बादलीने पाणी ओतलं आणि बटन दाबलं. आधी नुसती घरघर, नुसती गरम हवा. मग खस भिजली आणि तो वास आला. मार्च सरत आला की नागपुरात घराघराच्या खिडकीतून हा वास गल्लीत उतरतो. ओल्या गवताचा, ओल्या लोखंडाचा. मला मात्र त्यात पेन्सिलीचा वास आला. घरात पेन्सिल नव्हती. तो गेल्या उन्हाळ्याचा वास होता.

मी कूलरसमोर बसून राहिले. फॉल लावायच्या साड्या मशीनवर पडल्या होत्या, त्या तशाच पडू दिल्या.

उन्हाळ्याची दुपार एकट्या बाईला फार लांब पडते. आमच्या जरीपटक्याच्या गल्लीत बारा वाजले की दारं लागतात. भाजीवाला येत नाही, कुत्रं नालीच्या सावलीतून उठत नाही. सगळ्यांचे कूलर मात्र चालू असतात. त्या आवाजामुळे गल्लीत माणसं आहेत हे कळतं, पण कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. प्रज्ञा, माझी मुलगी, इथे होती तेव्हा याच दुपारी ती फरशीवर पोटावर झोपून चित्रं काढायची. कूलरच्या हवेने कागद उडायचे म्हणून मी त्यांच्यावर सांडशी, वाटी, वरण घोटायची रवी असं काहीबाही ठेवायची. ती ओरडायची, "आई, हळद लागली माझ्या चित्राले." आता ती हैदराबादला कार्टून बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मुलगी काय करते असं कोणी विचारलं तर मी सांगते, चित्रं चालवते. ऐकणाऱ्याला वाटतं बाईला नीट सांगता येत नाही. पण ती तेच करते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला. नेहमीचं झालं, जेवली का, पाणी येते का, ऊन किती आहे. मग म्हणाली, "आई, एक सांग ना. बाबा कसे चालायचे?"

"काहून वं?"

"इथं एक काम आलं आहे. एक बाप घरी चालत येते, असं आहे त्याच्यात. आमचे मोठे सर म्हणाले, आपापल्या बाबांची चाल पाहा आणि तशी काढा. सगळे घरून व्हिडिओ मागवून राहिले."

मी म्हटलं, "चांगले चालायचे."

"चांगले म्हणजे कसे?"

"म्हणजे... सरळ."

ती हसली. म्हणाली, "आई, सरळ तर सगळेच चालतात." आणि मग दुसरं बोलणं निघालं.

प्रज्ञाचे बाबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती. कळमन्याच्या बाजारात ते पोती उचलायचे. हरभऱ्याची, तुरीची, गव्हाची. अशाच एका उन्हाळ्यात दुपारी ऊन लागलं, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा आमच्यासारख्यांच्या हातात फोन नव्हते, व्हिडिओ नव्हते. एक फोटो आहे, लग्नानंतरचा. त्यात ते खुर्चीवर बसले आहेत, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मोठे करून, जसं फोटोवाल्याने बसवलं तसे. मी बाजूला उभी आहे. प्रज्ञा लहानपणापासून तो फोटो पाहत आली. म्हणजे तिने बापाला फक्त बसलेलं पाहिलं.

थोड्या दिवसांनी मीच विचारलं, "तुझ्या त्या कामाचं काय झालं?"

"झालं ते. माझ्या बाजूला एक मुलगा बसते, त्याच्या बाबांची चाल घेतली. मस्त आली."

"बरं झालं," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मशीनवर बसले. माझ्या मुलीच्या हातून दुसऱ्या कोणाचा बाप चालत घरी आला होता. त्यात तिची काही चूक नव्हती. आपल्याजवळ नसेल ते माणूस शेजाऱ्याकडून आणतंच, साखरसुद्धा आणतं. त्या दिवशी साडीला फॉल उलटा लागला आणि मला तो उसवावा लागला.

उसवता उसवता आठवून पाहिलं, यांची चाल अजून कोणाला माहीत असेल. सासूबाई गेल्या. दीर गेले. यांच्या सोबतचे हमाल कुठे कुठे पांगले, त्यांचे चेहरे मलाच आठवत नाहीत तर त्यांना हे काय आठवतील. म्हणजे ती चाल आता साऱ्या दुनियेत फक्त माझ्याजवळ होती. आणि मुलीने विचारलं तेव्हा मला ती सांगता आली नव्हती. मी गेले की तीही जाणार. हे असं आधी कधी मनात आलं नव्हतं. एकदा आलं, आणि मग जाईना.

प्रज्ञा जिथे चित्रं चालवायला शिकली तो क्लास बाजारात चपलांच्या दुकानावर आहे. पहिल्या दिवशी मी जिन्यावरूनच परत आले. वरून मुलांचा गलका येत होता, आणि मला अनोळखी माणसांसमोर उभं राहिलं की तोंडातलं पाणी आटतं, लहानपणापासून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी उके सर जिन्यातच भेटले. प्रज्ञाला त्यांनीच शिकवलं.

"प्रज्ञाच्या आई ना तुम्ही? काही काम होतं का, ताई?"

"मले शिकाचं आहे."

"कोणाले?"

"मले."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसले नाहीत. "पेन्सिल धरता येते?"

"चौथीपर्यंत धरली."

"मग झालं. या कम्प्युटरवाल्या पोरांनी तर ती पहिलीतच सोडली. या वर."

उन्हाळ्याच्या सुट्टीतला वर्ग होता, सगळी शाळेतली मुलंमुली. मला मागच्या टेबलावर जागा मिळाली. बाजूला माही नावाची मुलगी, सिंधी घरातली, सातवीत जाणारी. तिने माझी साडी, माझी पिशवी, माझा चष्मा सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "आंटी, आप टीचर हो?" मी मान हलवून नाही म्हटलं. "फिर आपकी मम्मी ने भेजा क्या?" ती म्हणाली आणि स्वतःच खुदुखुदु हसली. माझी भीती त्या हसण्याने थोडी कमी झाली.

टेबलाला मधोमध काच होती आणि काचेखाली दिवा. दिव्याच्या वर एक पट्टी, तिला खुंट्या. कागदाला वर भोकं पाडलेली, ती त्या खुंट्यांत बसवायची, म्हणजे एकावर एक ठेवलेले कागद तसूभरही सरकत नाहीत. दिवा लावला की खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. ते पाहून वरचं काढायचं, थोडं पुढे सरकलेलं. मग बोटांमध्ये कागद धरून भराभर सोडले की चित्र हलतं. सर म्हणायचे, "कम्प्युटर नंतर. तो फक्त कागद उचलायचे कष्ट वाचवते. हलवायचं आपल्यालाच आहे."

चित्र काढताना कूलर बंद असायचा. ओल्या हवेने कागद सर्द होतो, त्याच्यावर पेन्सिल चालत नाही. एप्रिलमधली दुपार, वर पत्र्याचं छत, खाली काचेतला दिवा तापलेला आणि कूलर बंद. मनगटाखाली सगळ्यांनी रुमाल घेतलेले, घामाने चित्र पुसू नये म्हणून. थोड्या थोड्या वेळाने सर म्हणायचे, "पेन्सिली खाली," आणि कूलर सुरू करायचे. मग सगळी मुलं कागदांवर दोन्ही हात पसरून, डोळे मिटून हवा खायची. माझेही हात पसरलेले असायचे. प्रज्ञाच्या कागदांवर वाटी ठेवणारी मी, आता स्वतःचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ओणवी झालेली. तो ओल्या खसचा वास आणि नाकाजवळची पेन्सिल, तेव्हापासून दोन्ही एकच झाले.

पहिलं काम होतं चेंडू. चेंडू खाली पडतो, उसळतो, पुन्हा पडतो. सर फळ्यावर दाखवायचे. वर जाताना चेंडू दमतो, अगदी वर पोचला की जरा रेंगाळतो, खाली येताना घाई करतो. जिथे रेंगाळतो तिथे चित्रं जास्त, अगदी जवळ जवळ. जिथे घाई तिथे चित्रं कमी, दूर दूर. जमिनीवर आपटतो तेव्हा क्षणभर चपटा होतो. चपटा केला नाही तर तो दगड वाटतो.

मला हे सगळं लवकर कळलं, कारण मी ते जगलेली होते. लग्नानंतरची ती थोडी वर्षं किती दूर दूरची चित्रं. एक अंगणातलं, एक बाजारातलं, एक दवाखान्यात प्रज्ञाला हातात घेतलेलं. म्हणून ती वर्षं भर्रकन गेली. आणि त्यानंतरची वर्षं, एक दिवस दुसऱ्यावर ठेवला तर रेषाही वेगळी दिसणार नाही अशी. साडी, मशीन, पाणी भरणं, मुलीचा डबा. दिवसांना दिवस चिकटलेले. तिथे काही हललंच नाही.

माझी पहिली चूक कागदाची. चौथीपर्यंत आम्ही पाटीवर लिहायचो. एक झालं की पुसायचं आणि त्याच जागी दुसरं काढायचं. माझ्या हातात तेच बसलेलं. नवा कागद घ्यायचं माझ्या मनातच यायचं नाही. मी चेंडू काढायची, खोडरबराने पुसायची आणि जरा खाली पुन्हा काढायची. माही म्हणायची, "आंटी, आप रबर बहुत घिसते हो. पेपर रो रहा है."

चेंडूचं काही बिघडलं नाही. पण नंतर चाल शिकवायला लागले तेव्हा बिघडलं. सरांनी सांगितलं, ज्याला ओळखता त्याला चालवा. माहीने तिच्या आजीला घेतलं. मी कोणाला घेतलं ते मी सांगितलं नाही. खूप वेळ नुसती पेन्सिल धरून बसले. मग हात आपोआप चालला. पाठ आली, मान आली, उचललेला एक पाय, चपलेतून सुटलेली टाच. आणि मी थांबले, कारण कागदावर ते होते. चित्र चांगलं नव्हतं, पण तेच होते. काही क्षण मी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरा पाय उचलायचा म्हणून, सवयीने, खोडरबर घेतलं आणि पुसलं.

सर येऊन उभे राहिले. "ताई, पुसून काहून टाकलं? चांगलं होतं ना ते."

"पुढचं काढाचं होतं."

"पुढचं पुढच्या कागदावर. जुनं तसंच राहू द्याचं. सगळी चित्रं राहिली पाहिजे, तेव्हा माणूस चालते."

कागद दिव्यावर धरला तर पुसलेल्या जागी पेन्सिलीचा दाब दिसत होता, रंग नव्हता. त्यानंतर मी बरेच दिवस ते चित्र पुन्हा काढायचा प्रयत्न केला. तसं पुन्हा आलं नाही.

मात्र नवे कागद घ्यायला शिकले. चालीची चित्रं जमायला लागली, एकावर एक. एक दिवस सरांनी माझे कागद बोटांत धरून भराभर सोडले आणि म्हणाले, "ताई, हे पाठमोरं आहे."

"हो."

"चाल बाजूने काढाची असते. बाजूने पाऊल किती पुढं पडलं ते दिसते, गुडघा कधी वाकला ते दिसते. फळ्यावर दाखवलं ना मी. बाजूने काढा बरं याले."

मी बाजूने काढायला घेतलं. फळ्यावरचं बघून पाय काढले, हात काढले. सगळं बरोबर आलं, पण माणूस कोणीतरी दुसराच आला. बस स्टँडवर कोणीही चालतो तसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं, पुन्हा दुसरा कोणी. सरांनी मग वर्गात स्वतः चालून दाखवलं, माही चालली, अख्खा वर्ग एका मागून एक माझ्या टेबलासमोरून चालत गेला. खूप हसले सगळे. मीही हसले. आणि हसता हसता मला कळलं की मी आमच्या यांना बाजूने चालताना कधी पाहिलंच नाही.

सरांना हळूच सांगितलं, "मले बाजूनं माहीतच नाही, सर."

"माहीत नाही म्हणजे? कोण आहे हा?"

"प्रज्ञाचे बाबा."

"सोबत कधी चालले असाल ना तुम्ही?"

"मी मागं चालायची."

त्या वेळी सगळ्याच बायका मागे चालायच्या. कोणी शिकवलं नव्हतं, पण आमच्या आया चालायच्या, सासवा चालायच्या. नवरा पुढे, बायको मागे, मधे थोडी जागा. माहेरी जाताना, बुधवारच्या बाजाराला जाताना, जयंतीची रोषणाई बघायला जाताना. लग्नाला थोडे दिवस झाले होते तेव्हा एकदा ते रस्त्यात थांबले आणि मागे वळून म्हणाले, "बाजूनं चाल ना वं. मी काय पुढारी आहो का, मागं माणसं घेऊन चालाले?" समोरून ओळखीच्या बाया येत होत्या. मला इतकी लाज वाटली की डोक्यावरचा पदर अजून पुढे ओढला आणि म्हटलं, "चाला तुम्ही." ते हसले आणि चालायला लागले. घरी दोन पायांवर उभे असलेले ते मला दिसायचे, बसलेले दिसायचे, जेवताना दिसायचे. पण घरात कोणी चालतं का? आमचं घर एका खोलीचं. चालणं म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावर मला त्यांची पाठ दिसायची.

उके सरांनी माझा कागद परत खुंट्यांवर बसवला. "बरं. मागूनच काढा मग. पण मागून कठीण आहे, सांगून ठेवतो. पाऊल पुढं जाताना दिसत नाही. फक्त वजन दिसते. वजन कोणत्या पायावर आहे, खांदा कुठं चालला, कमर कुठं चालली. ते आलं तर माणूस चालेल. नाही तर लटकेल."

मग मी वजन आठवायला लागले. आणि आठवलं. उजवा खांदा जरा वर उचललेला. मान डावीकडे कललेली, पोत्याला जागा करून दिल्यासारखी. पोतं बाजारात उतरवून आले तरी ती जागा तशीच राहायची, रिकामी. डावा हात मोकळा हलायचा. उजवा हात अंगाजवळच असायचा, कारण दिवसभर तो पोत्याचा कान धरून असायचा. प्रत्येक पावलाला ते किंचित खाली बसायचे, आणि मग उठायचे. बाजूने चालणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं. हे मागच्यालाच दिसतं.

एप्रिल गेला, मे आला. नवतपा, मे सरतानाचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला तेव्हा वर्ग सकाळी भरायला लागला. मी चित्रं काढत राहिले. आता कम्प्युटर आला होता. कागदावरची चित्रं फोनने एक एक टिपून आत घ्यायची आणि मग काचेच्या पाटीवर पेनाने त्यांच्यावर रेष फिरवायची. रेष हाताखाली पडते आणि दिसते समोरच्या पडद्यावर. पहिले काही दिवस माझा हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, दोघांची गाठच पडेना. माही माझं मनगट धरायची. "आंटी, हाथ को मत देखो. हाथ कहीं नहीं भागेगा."

त्या कम्प्युटरमध्ये मागचं चित्र फिकट लाल दिसायचं आणि पुढचं फिकट हिरवं. आपण दोन्हींच्या मधलं काढायचं. सर त्याला ओनियन स्किन म्हणायचे, कांद्याचा पातळ पापुद्रा असतो तसा, आरपार दिसणारा. मला ते फार आवडलं. काचेखालच्या दिव्यासारखंच होतं, पण गरम होत नव्हतं, आणि काही पुसलं जात नव्हतं. पुसलं तरी परत आणता यायचं.

एकदा सर म्हणाले, "उजवा हात हलला नाही, ताई. विसरल्या का?"

"तो हलत नव्हता."

"थोडा तरी हलत असेल. माणूस आहे."

घरी येताना रस्ताभर विचार केला. खरंच हलत नव्हता का? की मला दोन हात एका वेळी काढता येत नव्हते, म्हणून मी तसं म्हटलं? मान डावीकडेच होती ना? कोणाला विचारू? घरी आले, डोळे मिटून बसले, त्यांना आठवायला गेले. तर चित्र आलं. मीच काढलेलं, कम्प्युटरच्या निळ्या रेघेचं. त्याच्यामागे ते होते का, ते दिसेना. किती वर्षं मी त्यांना काही न करता, न काढता, जपून ठेवलं होतं. आणि आता बाहेर काढलं तर जपलेलं कोणतं आणि काढलेलं कोणतं, हे मला सांगता येत नव्हतं. इतकं एकटं मला ते गेले त्या वर्षीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रडायला माणसं होती, त्यांना ओळखणारी.

तरी मी चाल पुरी केली. जूनमध्ये वर्ग संपायच्या आधी सरांनी ती पडद्यावर लावली. ते चालत होते. पाठ, कललेली मान, थांबलेला उजवा हात, चपलेतून सुटणारी टाच. एक चाल संपली की पुन्हा पहिल्यापासून. माही म्हणाली, "आंटी, ये अंकल थके हुए हैं, पर गुस्सा नहीं हैं." मला ते अजून आठवतं. मी ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, काढलेलं नव्हतं, आणि तिला दिसलं.

सर म्हणाले, "आता याच्यामागे रस्ता टाकू आणि याले हळूहळू लहान करत नेऊ. म्हणजे दूर जाईल. फार छान दिसेल."

"नको, सर. एवढेच राहू द्या."

"पण मग दूर जाणार नाही ना तो. एवढाच्या एवढा दिसत राहील."

"दिसू द्या."

सरांना वाटलं असेल, मला दुरावा सहन होत नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चाल माझ्या फोनमध्ये टाकून दिली.

तेव्हापासून ती फोनमध्येच राहिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, प्रज्ञा येऊन गेली. ती आली तेव्हा क्लासचं सांगितलं, ती खूप हसली, मला मिठी मारली, म्हणाली, "दाखव ना काय काढलं." मी चेंडू दाखवला. ती म्हणाली, "आई, चेंडूले वजन आहे वं तुझ्या. आमच्या इथं पोरांना दोन वर्षं येत नाही." चाल मात्र दाखवली नाही. ते नसतील तर? मी तिला एक चुकीचा बाप दिला आणि तिने तो आयुष्यभर खरा धरला तर? दुसऱ्याच्या बापाची चाल तिने घेतली होती, पण निदान ती कोणाची तरी खरी चाल होती. ती पुन्हा हैदराबादला गेली आणि फोन पुन्हा लहान झाले. जेवली का. पाणी येते का.

आज कूलर लावला आणि त्याच्यासमोर बसून फोन उघडला. चाल लावली. पाहत राहिले. खस टपटपत होती. आणि पाहता पाहता मला वाटलं की चुकायला घाबरून आता भागणार नाही. माझ्याजवळ आता जे आहे ते एवढंच आहे. बरोबर असो नसो, दुसरं कोणाकडे काहीच नाही. दिलं नाही तर तिच्याजवळ खुर्चीवरचा फोटो राहील. मी बोट ठेवलं आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने फोन वाजला, व्हिडिओवाला. तिने तोंडासमोर फोन धरला होता, कंपनीतल्या जिन्यात उभी असावी.

"आई. हे बाबा आहे?"

"हो."

"तू काढलं?"

"हो. मागच्या उन्हाळ्यात."

ती तिच्या कामाच्या आवाजात बोलायला लागली, मला कळलं की तिला दुसरं काही बोलता येत नाही. "उजवा हात असाच होता?"

"असाच होता. म्हणजे, मले असाच आठवते. आता मले पक्कं सांगता येत नाही, प्रज्ञा."

"राहू दे. असाच राहू दे." मग म्हणाली, "पण एक चुकलं, आई. पाठमोरा माणूस चालत गेला की तो लहान होत जाते. दूर जाते ना. तू बाबाले लहान केलंच नाही."

"ते दूर जात नव्हते."

"म्हणजे?"

"मी मागून येऊन राहिली होती ना. माझी चाल हळू, आणि ते चालताना मागं पाहत नव्हते. पण अंतर वाढू देत नव्हते. मी हळू झाली की तेही हळू होत. चपलेच्या आवाजावरून त्यांना समजत असेल. माहेरी जाताना केवढा रस्ता, पण त्यांची पाठ माझ्यापासून कधी लांब गेली नाही. मग लहान कशी करू?"

प्रज्ञाच्या मागून कोणीतरी जिना चढून गेलं, कोणीतरी तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

"आई, किती मागं असायची तू?"

मी खोलीत पाहिलं. "या कूलरपासून दारापर्यंत असेल."

"बरं," ती म्हणाली. "थांब, मी इकडून परत लावते, तुझ्या फोनवरही दिसेल. सोबत पाहू."

तिने तिकडे लावलं, मी दोन्ही हातांत फोन धरून बसले. माझ्या फोनवर ते चालू लागले, उजवा खांदा वर, मान डावीकडे, प्रत्येक पावलाला किंचित खाली बसून पुन्हा उठत. बाहेर गल्ली बंद होती. ते आपल्या चालीने पुढे चालत राहिले, मागे न पाहता, आणि त्यांच्यामागे, तेवढ्याच अंतरावर, आम्ही दोघी.